अर्धी रुसलेली वरमाय

"आई... आई गेली."

सकाळी सुनेचा फोन आला तो असा. मैथिली आदल्या दिवशी आमच्या नातवंडाला घेऊन ठाकुर्लीला माहेरी राहायला गेलेली. ती मला आणि तिच्या आईला, दोघींनाही आईच म्हणते, त्यामुळे क्षणभर मला काही कळलंच नाही. मग कळलं. कुंदाताई गेल्या. माझ्या विहीणबाई. आंघोळीला पाणी काढलं, छातीत कळ आली म्हणून पलंगावर बसल्या आणि बसल्या जागी कलंडल्या. लिहायला लाज वाटते, पण त्या वेळी रडू फुटण्याआधी माझ्या मनात आलं ते माझ्या तोंडाचं. तीन वर्षांपूर्वी माझ्या चेहऱ्याची डावी नस गेली होती. ती परत आली, पण वाट थोडी चुकून आली. मी डोळे मिटले की ओठाचा डावा कोपरा आपोआप वर चढतो. रडताना मी हसल्यासारखी दिसते. आता तिथे जायचं, हात जोडायचे, डोळे मिटायचे... आणि प्रेताजवळ, चारचौघांत, हसायचं?

नस गेली ती नेमकी माझ्या मुलाच्या, निखिलच्या लग्नाच्या तोंडावर. एका सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या बाजूनं गळून गाऊनवर आलं. आरशात बघितलं तर अर्धा चेहरा माझा होता, अर्धा ओल्या कपड्यासारखा लोंबत होता. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, हा अर्धांगवायू नाही, गोळ्या घ्या, तोंडाचे व्यायाम करा, येईल ठिकाणावर. पण मी ठाण्यात एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होते. येणाऱ्या प्रत्येकाला हसून 'या, बसा' म्हणणं हेच माझं काम. मी रजा टाकली, घरातल्या घरात मास्क लावायला लागले, नवऱ्याकडे पाठ करून जेवायला लागले. व्यायाम करायचे तर आरसा बघावा लागतो, म्हणून तेही करत नव्हते. लग्नाच्या खरेदीला मुलीकडच्यांनी बोलावलं की 'बरं नाही' म्हणून सांगायचे.

आणि एका संध्याकाळी कुंदाताई न कळवता दारात. ठाकुर्लीहून आमच्या डोंबिवलीच्या घरी नव्वद फुटी रस्त्यानं चालत आलेल्या, कपाळावर घाम, हातात नारळाच्या वड्यांचा डबा. तोपर्यंत आमच्या भेटी झाल्या होत्या दोनतीन, त्याही बैठकीच्या, मानापानाच्या. बालवाडीत आयुष्य गेलेली ही बाई सरळ माझ्या बेडरूममध्ये आली आणि पलंगावर बसली.

"विहीणबाई, घरात मास्क? मला काही झालंय की तुम्हाला?"

काय करणार, काढला. मला वाटलं, आता 'अरेरे' येणार, नाहीतर नजर दुसरीकडे जाणार. त्यांनी नीट निरखून बघितलं, अगदी पोराचा गुडघा फुटलाय तर किती, हे बघावं तसं.

"डावी बाजू रुसलीय," त्या म्हणाल्या. "वरमाईनं रुसायचंच असतं हो. पण रुसायचं तर अख्खं रुसा की! अर्धं काय?"

मी हसले. अर्धीच हसले, आणि हसताना लाळ गळली. पदरात तोंड लपवलं. पण त्या तोवर गाल फुगवून बसल्या होत्या. बालवाडीतल्या पोरांचे खेळ त्यांनी माझ्यावर सुरू केले... बेडूक करा, मांजर करा, गरम चहावर फुंकर घाला, डाव्या भुवईला 'ऊठ गं' म्हणा. डॉक्टरांच्या कागदावर होते तेच व्यायाम, पण कागदावर बेडूक नव्हता. मग रोज संध्याकाळी त्या यायला लागल्या. समोरासमोर बसून आम्ही एकमेकींना वेडावून दाखवायचो. पुढे त्यांनी साबणाच्या फुग्यांची डबी आणली आणि मला गच्चीवर नेलं. पन्नाशी उलटलेल्या दोन बायका फुगे उडवतायत म्हटल्यावर वाळवण काढायला आलेल्या शेजारणी थबकायच्या. मला धरणी दुभंगावी असं व्हायचं. कुंदाताई त्यांनाच विचारायच्या, "येताय? तुम्हाला पण एक डबी आणू?"

फडके रोडला एकदा त्यांनी मला जबरदस्तीनं पाणीपुरी खायला नेलं. पहिल्याच पुरीचं पाणी हनुवटीवरून छातीवर आलं. शेजारच्या कॉलेजच्या मुली बघून हसल्या, निदान मला तसं वाटलं. मी तोंड पुसत बाजूला झाले, डोळ्यांत पाणी आलं, म्हटलं, "मला घरी जायचंय." कुंदाताई माझ्यामागून आल्या. रस्त्याच्या कडेला थांबून, हळूच, पहिल्यांदाच थोड्या चाचरत म्हणाल्या, "विहीणबाई, मलाही गळतं."

मला कळेना.

"तुमचं वरून गळतं, माझं खालून. मैथिलीच्या वेळेपासून. शिंकले की, खोकले की... आणि हसले की जास्तच. कुणाला बोलले नाही आजपर्यंत. पोरीलासुद्धा नाही."

जी बाई दिवसभर हसते, जिचं हसणं जिन्यातून वर ऐकू येतं, तिला प्रत्येक हसण्याची अशी धास्ती? "मग इतकं हसता कशाला हो?" मी विचारलं.

"मग काय रडू? रडताना पण होतं थोडं."

त्यानंतर आम्ही दोघी रस्त्यात अशा हसलो, की काय विचारता. माझं वरून, त्यांचं खालून. त्या दिवशी रिक्षानं घरी जावं लागलं.

त्यानंतर आठवडाभरात माझी नस हलायला लागली. लग्नात मी मास्क न लावता उभी राहिले. फोटोग्राफर सारखा म्हणत होता, "काकू, जरा स्माईल." जितकं स्माईल करावं तितकं तोंड उजवीकडे पळायचं. माझा चेहरा गोरामोरा झाला. शेजारी उभ्या कुंदाताईंनी ते बघितलं आणि स्वतःचं तोंडही उजवीकडे ओढलं. त्यांचे भाऊ खालून ओरडले, "ताई, अगं काय चाललंय? पोरीचं लग्न आहे!" त्या तशाच वाकड्या तोंडानं म्हणाल्या, "आम्हा विहिणींचं ठरलंय."

पुढे मी त्यांना ठाण्यात बायकांच्या डॉक्टरकडे नेलं. त्या येत नव्हत्या. एवढी धीट बाई, पण दवाखान्याच्या बाकावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, स्नायू आवळायचे व्यायाम शिकवले, उशीर झालाय पण फरक पडेल म्हणाल्या. परत येताना बस शीळफाट्याला अडकली. कुंदाताई एकदम गंभीर होऊन समोर बघायला लागल्या. मी घाबरून विचारलं, "काय होतंय?"

"गप्प बसा. व्यायाम चाललाय."

खरंच फरक पडला. तरीही मैथिलीला सांगायचं नाही, ही शपथ कायम होती.

सुनेचा फोन आला त्या दिवशी ठाकुर्लीच्या घरात मी पदरानं तोंड झाकूनच शिरले. पण नमस्काराला दोन्ही हात लागतात. पदर सुटला, डोळे मिटले आणि ओठ वर गेला. मागून कुणीतरी म्हातारी कुजबुजली, "हसतायत का त्या?" कान तापले माझे. डोळे उघडायचीही हिंमत होईना. मैथिली आईच्या उशाशी बसली होती. ती रडत रडत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "रडतायत त्या. त्यांचं रडणं असंच आहे."

गेल्या आठवड्यात मी आणि मैथिली कुंदाताईंचं कपाट आवरायला गेलो. साड्यांच्या मागे एका पिशवीत मऊ कापडाच्या घड्या निघाल्या. जुन्या सुती साड्यांच्या, चार पदरी, कडेनं बारीक टाके घातलेल्या. काहींवर तर फुलांची नक्षीही काढलेली.

"आई, हे काय आहे?" मैथिलीनं विचारलं.

आता शपथ कुणासाठी पाळायची? मी सांगितलं. ती खाली फरशीवरच बसली. घड्या मांडीवर घेऊन कितीतरी वेळ एकेक टाका चाचपत राहिली. मला वाटलं, आईनं आपल्याला सांगितलं नाही म्हणून दुखावली. मग मान वर न करता म्हणाली, "मलाही होतं. पिल्लू झाल्यापासून. मी ऑफिसला काळेच कपडे घालते, बघितलंत ना तुम्ही?"

बघितलं होतं. वाटलं होतं, फॅशन असेल. एका घरात राहतो, एका पोळपाटावर पोळ्या लाटतो, आणि तिघी बायकांनी तीन ठिकाणी पदर घट्ट धरून ठेवले होते. मला शरम वाटली. म्हटलं, "त्या डॉक्टरीणबाईंचा नंबर आहे माझ्याकडे. लावू?"

"लावा," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "आईवर लिहिणार आहात ना तुम्ही? हेही लिहा."

ती पिशवी मैथिलीनं डोंबिवलीला आणली. काल तिनं त्या घड्या स्वच्छ धुतल्या. मी सवयीनं त्या आतल्या दोरीवर, टॉवेलच्या खाली टाकायला निघाले होते. तिनं माझ्या हातातून बादली घेतली आणि बाल्कनीच्या बाहेरच्या दोरीवर, समोरच्या बिल्डिंगला दिसतील अशा, एकेक झटकून ओळीनं वाळत घातल्या.