ड्रमवाल्याचं पहिलं गाणं

सव्वीस वर्षांत त्याने बँडला एकही चाल दिली नव्हती आणि त्याचं त्याला कधी वाईटही वाटलं नव्हतं. बाकीचे तिघे चाली आणायचे, त्यावरून एकमेकांच्या जिवावर उठायचे आणि हा मागे ड्रमवर बसून ठेका धरायचा. दिवसभर दुकानात चष्म्यांच्या काड्या बसवायचा म्हणून बँडमध्ये त्याचं नाव पडलं चष्मेवाला. बावन्न वर्षांचा झाला तरी स्वतःला मात्र चष्मा लागला नव्हता, आणि यात आपलं काही कर्तृत्व असल्यासारखा तो मिरवायचा.

बँड चौघांचा. गाणारी ताई. तिचा भाऊ गिटारवर, केस पिकले तरी सगळ्यांचा धाकटाच. आणि बेस गिटार वाजवणारे मास्तर, जे शाळेत भूगोल शिकवत आणि तालमीत कुणी चुकलं तर बाकावर उभं करतील असा चेहरा करत. टायरच्या दुकानावरच्या खोलीत दर शनिवारी दुपारी तालीम. भिंतींना जुने गालिचे ठोकलेले, आणि रबराचा वास इतका की चष्मेवाल्याची बायको त्याचा शनिवारचा शर्ट वेगळा धुवायची.

इतकी वर्षं टिकलात कसे, असं लोक विचारत. "प्रेमानं," ताई सांगायची. साफ खोटं. ते टिकले होते जिन्यामुळे.

सुरुवातीला एकदा मास्तरांनी धाकट्याच्या चालीतला एक सूर बदलला. धाकट्याने गिटारची वायर उपटली, आणि दोघांत तीन महिने अबोला. शेवटी मास्तरांनीच नियम काढला. ज्याची चाल, त्याने ती एकदा गुणगुणून दाखवायची आणि बाहेर जाऊन जिन्यावर बसायचं. आत उरलेले तिघे तिचं काय वाटेल ते करतील. दार उघडेपर्यंत आत यायचं नाही, आणि उघडल्यावर 'पण माझ्या मनात होतं' असं तोंडातून काढायचं नाही. त्या जिन्यावर धाकट्याने नखं कुरतडली, ताई दोनदा रडली, मास्तरांनी सहामाहीचे पेपर तपासले. गाणी मात्र अशी निघाली की कोणतं कुणाचं हे त्यांचं त्यांनाच आठवेना. चष्मेवाला कायम आत. जिन्याची पायरी गार असते की गरम, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी दुकानात त्याच्या डाव्या हातातून बारीक स्क्रू निसटायला लागला. आधी त्याने स्क्रूला शिव्या दिल्या. मग चहाचा कप पडला, तेव्हा डॉक्टरकडे गेला. मानेतली नस दबली होती. ऑपरेशन करून गेलेलं बळ परत येईल असं नाही, डॉक्टर म्हणाले, आहे ते सांभाळा. हे त्याने बायकोला सांगितलं. बँडला सांगायची हिंमत झाली नाही. धावत्या गाण्यांत डावी काठी मागे पडायची, तो उजव्याने सावरून घ्यायचा आणि घामाघूम व्हायचा. संथ गाणी मात्र अजून जमत होती. पण बँडकडे संथ गाणी होती दोन.

आणखी पाच-सहा तशी झाली, तर काही वर्षं तरी त्या खोलीत आपली जागा राहील, असं त्याच्या मनाने घेतलं. म्हणून जन्मात पहिल्यांदा तो चाल शोधायला बसला. जेवणाच्या टेबलावर बोटं आपटत दोन महिने गेले.

"अहो, सरळ सांगून टाका ना त्यांना," बायको म्हणाली. "परके आहेत का ते?"

"सांगतो. आधी गाणं होऊ दे."

एका शनिवारी त्याने ती चाल गुणगुणली. खाली बघून, कान लाल करून.

"सव्वीस वर्षं कुठे दडवून ठेवली होतीस रे?" ताई म्हणाली.

"ते नंतर! आधी जिना!" धाकट्याला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्याने चष्मेवाल्याला दोन्ही खांद्यांना धरून बाहेर ढकललं आणि दार लावून घेतलं. ड्रमवालाच बाहेर गेला तर आत ड्रम कोण वाजवणार, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. नियम करणाऱ्या मास्तरांच्याही नाही आणि पायरीवर बसलेल्या त्याच्याही नाही.

त्याच्या ध्यानात आलं ते अर्ध्या तासाने. आत चाल आकाराला येत होती. तो गुडघ्यावर ठेका धरून होता. ड्रम इथे येईल, म्हणून त्याने हात उचलला आणि तिथे ताईने नुसता श्वास घेतला. पुढच्या वेळी मास्तरांचा बेसही थांबला. उरली गिटारची एक तार आणि ताईचा आवाज. दोनदा तो दार वाजवायला उठला आणि दोनदा खाली बसला. इतकी वर्षं बाकीच्यांनी पाळलेला नियम आपणच पहिल्याच खेपेला मोडायचा?

दार उघडलं तेव्हा ताईचे डोळे ओले होते. त्यांनी गाणं वाजवून दाखवलं. इतकं चांगलं गाणं त्या खोलीत कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

"यात ड्रम नकोच," मास्तर म्हणाले. "आम्ही टेबलावर ठोकून पाहिलं. ठोका आला की मोडतं."

ते खरं होतं. त्याच्या कानांना ते जिन्यावरच कळलं होतं, आणि निदान एवढ्यापुरते तरी आपले कान बिघडले असते तर बरं, असं त्याला वाटलं.

"आता तुझ्या नावानं एक धावतं होऊन जाऊ दे!" म्हणत धाकट्याने सुरुवातही केली. चष्मेवाला ड्रमवर बसला. दुसऱ्याच ओळीला डावी काठी हातातून सुटली आणि घरंगळत मास्तरांच्या पायाशी गेली. वाद्यं थांबली. मास्तर काठीकडे बघत राहिले, मग त्याच्या हाताकडे.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने स्क्रूपासून डॉक्टरपर्यंत सगळं सांगितलं.

"म्हणून संथ आणलीस," ताई हळूच म्हणाली.

त्याने मान डोलावली.

"मग घालू की ड्रम!" धाकटा काठी उचलून त्याच्या हातात कोंबत म्हणाला. "चुलीत गेला तो नियम. चल, वाजव."

नाही म्हणायला हवं होतं. पण त्याला वाजवायचं होतं, दुसरं काही नको होतं. त्यांनी गाणं पुन्हा घेतलं आणि तो वाजवू लागला. जमेल तितकं हलक्या हाताने. एकही ठोका चुकला नाही, आणि प्रत्येक ठोक्यागणिक गाणं जड होत गेलं.

"छान वाटतंय," ताई म्हणाली. खराब गाण्याला त्या खोलीत तिने आजवर कधी छान म्हटलं नव्हतं. धाकटा तारा जुळवायला लागला. त्या जुळलेल्याच होत्या.

चष्मेवाल्याने काठ्या खाली ठेवल्या. "नको. तुम्ही केलं होतं तसंच राहू दे."

"आणि तू?" ताईने विचारलं.

मास्तरांनाही यात नवा नियम काढण्यासारखं काही दिसेना.

"एकदा घ्या पहिल्यापासून," तो म्हणाला. "मला नीट ऐकू दे."

त्यांनी घेतलं. तो ड्रममागे हात मांडीवर ठेवून बसला होता. दुसऱ्या कडव्यात त्याला रडू फुटलं, आणि ते त्याने लपवलंही नाही. तिघांनी ते पाहिलं आणि तसेच वाजवत राहिले. थांबून तरी त्याला काय सांगणार होते?