कोपऱ्यावरचा दगड

मामा कुणाच्याही घरी गेले की आधी छताकडे बघत. मला बघायला ते बदलापूर गावातल्या आमच्या घरी आले, तेव्हाही चहाचा कप हातात धरून बराच वेळ त्यांची नजर वरच होती. माझ्या वडिलांना वाटलं, पाहुण्यांना मुलगी पसंत नाही. मग मामा म्हणाले, "स्लॅबला पोट आलंय. टेकू लवकर काढले ना?" वडिलांनी कबूल केलं. त्यानंतर लग्नाची बोलणी सोपी झाली. सासऱ्यांना मामा म्हणायची आमच्यात पद्धत, म्हणून ते माझे मामा. बाकी सासरी, खरवईत, ते फर्मेवाले म्हणून ओळखले जात.

दगड घडवण्याआधी त्याच्या प्रत्येक बाजूचा कागदी नमुना, म्हणजे फर्मा कापायचा, तो दगडावर ठेवून कडेने रेघ मारायची आणि मगच छिन्नी लावायची, ही त्यांची रीत. कागद घरचाच. माझे पती उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात कटिंग करत. तिथला जाड खाकी कागद मामा त्यांच्याकडून मागवून घेत आणि वर म्हणत, "त्याचं चुकलं तर हाफ पँट होते. माझं चुकलं तर खडी."

नम्रता त्यांच्यात नावाला नव्हती. लग्नानंतर त्यांनी मला अंबरनाथचं जुनं शिवमंदिर दाखवायला नेलं. तिथे प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवून छत मिटत नेलं आहे. कमानीत तसं नसतं, तिथे दगड एकमेकांवर रेलून उभे राहतात, हे मला त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवून समजावलं. मंदिराचं काम त्यांना पसंत पडलं, पण मनासारखं वाटलं नाही. "मी असतो तर एखादी कमान सुचवली असती," ते म्हणाले. सासूबाई मागून चालत होत्या. म्हणाल्या, "हे नव्हते म्हणूनच देऊळ पुरं झालं."

भूमितीचे धडे ते स्वयंपाकघरात देत. एकदा माझ्या हातची कच्ची पोळी उचलून त्यांनी पिठाच्या डब्याभोवती गुंडाळली. ती चपखल बसली. मग तीच पोळी नारळावर बसवायला गेले, तर तिला चुण्या पडल्या. डब्यासारखी वाकलेली बाजू कागदावर सपाट उतरते, नारळासारखी उतरत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पटलं त्या दिवशी. सासूबाईंनी मात्र ती पोळी मामांनाच वाढली.

दोन हजारनंतरची ती वर्षं. खरवईत एकामागून एक इमारती उठत होत्या. आमच्या वस्तीने विहार बांधायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे स्लॅबच होता. मामांनी हट्ट धरला, की छत दगडी कमानींचं होईल, लेण्यात असतं तसं. फक्त लेणं डोंगरात कोरलेलं, हे रचलेलं. विहार समितीचे अध्यक्ष एका कारखान्यातून निवृत्त झालेले, शंकेखोर पण सरळ गृहस्थ. त्यांनी विचारलं, पडलं तर? मामा म्हणाले, "कमानीखालचे टेकू-फळ्या, सेंटरिंग उतरवाल त्या दिवशी मी मधोमध खुर्ची टाकून बसणार. तुम्ही बाहेरून बघा."

दगडाच्या धुळीने मामांची छाती तोवर निकामी होत आली होती. डॉक्टरांनी छिन्नीला हात लावू नका म्हणून बजावलं होतं. नाकाला रुमाल बांधून ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसत आणि कारागिरांकडून काम करून घेत. जोत्यावर चुन्याने पूर्ण मापाची कमान आखलेली होती. सगळे फर्मे त्यावरून त्यांनी स्वतः कापले.

विहार चौकोनी. दोन दिशांच्या दोन कमानदार छतांनी एकमेकांना छेद दिला, की चार कोपऱ्यांतून चार धारा, म्हणजे बाहेर आलेल्या कडा, वर चढतात. त्या धारेवर सांधा येऊ द्यायचा नाही, ही मामांची सगळ्यात कडक अट. कोपऱ्यावर एकच दगड बसवायचा, आणि तो दोन्हीकडे वळलेला असायचा: एक हात लांब, एक आखूड. एका थरात लांब हात डावीकडे, तर वरच्या थरात उजवीकडे. त्याने खालचे सांधे झाकले जातात. यासाठी मामांनी जीन्सवाल्यांची युक्ती उचलली होती. ते जसे एकाच फर्म्यावर दोन्ही पाय कापतात, तसा एकच फर्मा एका थराला सुलटा ठेवायचा, पुढच्या थराला उलटा.

एका थराला तो उलटायचा राहिला. चारही कोपऱ्यांवर दगड चढले, वरचा थरही अर्धा आला, तेव्हा मामा वर बघता बघता खुर्चीतून उठून उभे राहिले. मी डबा घेऊन गेले होते. त्यांनी मला धारेकडे बघायला सांगितलं. तिच्या बाजूला सांध्यावर सांधा आला होता, म्हणजे उद्या तिथूनच चीर जाणार.

त्यांनी अध्यक्षांना बोलावून घेतलं आणि म्हणाले, "माझ्या हातून फर्मा चुकला. दोन थर उतरवावे लागतील." अध्यक्ष वैतागले. बुद्ध पौर्णिमेला उद्घाटन ठरलं होतं. एवढं कुणाला दिसतंय, असं ते म्हणाले. मग टोमणाही मारला, की जीन्सचा कागद आणला तेव्हाच कळायला हवं होतं. मामा चिडले नाहीत. म्हणाले, "कापड उलटवता येतं, अध्यक्ष. दगड नाही, त्याचं वळवलेलं पोट खालीच लागतं. खाली आपली पोरं बसणार आहेत."

थर उतरले. चार दगड नव्याने घडले. पौर्णिमा विहाराविना गेली आणि वस्तीत मामांबद्दल बरंच बोललं गेलं. ते रोज खुर्चीत जाऊन बसत राहिले. माथ्यावरचा शेवटचा दगड बसलेला त्यांनी पाहिला. सेंटरिंग उतरवायला अजून अवकाश होता, तेवढ्यात ते गेले.

सेंटरिंग उतरवायच्या दिवशी सगळे बाहेर थांबले. आत, टेकूंच्या मधोमध, मामांची खुर्ची तशीच होती. ती उचलायला मी आत गेले, तेव्हा अध्यक्ष मागून म्हणाले, "राहू दे सूनबाई. बसणार म्हणाले होते ना."

कारागिरांनी टेकूंखालच्या पाचरी हळूहळू सैल केल्या. फळ्या खाली आल्या. चुन्याची थोडी भुकटी खुर्चीवर पडली, बाकी काही नाही. चारही धारा कोपऱ्यांतून निघून माथ्यावर मिळाल्या होत्या, आणि एकीवरही सांधा नव्हता.

बाहेरचं कुणी लगेच पुढे येईना. मग अध्यक्ष आत आले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, खुर्ची पुसली, तिच्यात बसले आणि वर बघत राहिले.