आबांची अडीचची गाडी

आबांच्या शर्टाचा खिसा कायम पांढरा असायचा, आणि तो खडूमुळे. ते मास्तर नव्हते, पण खिशात खडूचा तुकडा नाही असा त्यांचा एक दिवस मी पाहिला नाही. कुणी काही सुचवायला गेलं की आबा खुर्चीतून उठायचे, वाकून फरशीवर एक रेघ ओढायचे आणि विचारायचे, "बोला. या बाजूला काय येतं आणि त्या बाजूला काय?" समोरचा बिचारा मोरीचं दार नीट लागत नाही एवढंच सांगायला आलेला असायचा. त्यालाही रेघ चुकत नसे. फरशी पुसणाऱ्या शेवंताबाई रोज त्या रेघा पुसायच्या आणि रोज आबांच्या नावाने बोटं मोडायच्या.

धुळ्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात आबा व्यवस्थापक होते आणि मी औषधाच्या खिडकीवर बसायचे. ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. त्याआधी आबांची बरीच वर्षं गिरणीत गेली होती. कोणतं काम कसं होतं, त्यात वेळ कुठे वाया जातो, हे पाहायची त्यांची तिथे नोकरी. कामाला किती वेळ लागतो ते मोजायला गिरणीने त्यांना थांबतं-चालतं घड्याळ, म्हणजे स्टॉपवॉच, दिलं होतं. ते त्यांनी दवाखान्यात कधी आणलं नाही. म्हणायचे, "घड्याळ दिसलं की माणूस पळायला लागतो. पळणाऱ्याचं खरं काम दिसत नाही." म्हणून ते नुसते उभे राहायचे. माझ्या खिडकीशेजारी पहिल्याच आठवड्यात एक अख्खी सकाळ उभे राहिले. माझा स्वभाव तिखट. मी म्हटलं, "तुम्हाला दुसरं काही काम नाही का?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "हेच काम आहे, ताई." मला त्या माणसाचा इतका राग आला होता की घरी जाऊन मी भांडी आपटली.

आबा एरंडोलकडचे, शेतकरी घरातले. दवाखान्यात शुद्ध बोलायचे. घरी आणि मन हललं की अहिराणी. त्या रेघेला ते बांध म्हणायचे. "बांध नसलेल्या वावराला पाणी भरू नये," हे त्यांचं पेटंट वाक्य. "आपण जागायचं आणि गहू शेजाऱ्याचा पिकायचा." कोणतंही काम हाती घेण्याआधी त्यात काय येत नाही हे ते ठरवायचे, आणि लोकांना नेमका त्याचाच राग यायचा. कारण 'येत नाही'च्या बाजूला प्रत्येकाचं काही ना काही पडलेलं असायचं.

एकदा थंडीत आम्ही सगळ्यांनी शेतात भरीत पार्टी ठरवली. झालं, एकेक जण सांगू लागला. शेवभाजी करू, जिलबी आणू, पोरांसाठी भेळ करू. आबांनी रेघ ओढली. "भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. बाकी सगळं बांधाबाहेर. आपण भरीत खायला चाललोय, लग्नाला नाही." काट्याकुट्यांवर वांगी भाजली, मिरच्या कुटल्या, पंगत बसली, पहिला घास तोंडात गेला आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले. मीठ कुणी आणलंच नव्हतं. प्रत्येकाला वाटलं होतं, मीठ काय, कुणीतरी आणेलच. आबा आमच्याबरोबर अळणी भरीत खात बसले आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून ज्या कामाला कुणाचं नाव लावलेलं नाही त्याला दवाखान्यात मीठ म्हणायला लागले. "याचं मीठ होऊ देऊ नका," असं मोठे डॉक्टरसुद्धा नर्सबाईंना सांगायचे.

पण आबा मला खरे कळले ते अडीचच्या गाडीमुळे. शिरपूरच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याला जी गावं आहेत, तिथली माणसं सकाळच्या पहिल्या एस.टी.ने आमच्याकडे यायची. केसपेपर काढायचा, डॉक्टरांना दाखवायचं, रक्त द्यायचं, पुन्हा डॉक्टर, मग माझी खिडकी. आणि तिकडे जाणारी थेट गाडी दुपारी अडीचला एकच. ती चुकली की रात्र आमच्या व्हरांड्यात, जवळची भाकरी संपलेली. बरेच जण म्हणून औषध न घेताच स्टँडकडे पळायचे. मी नावं पुकारत राहायचे आणि बांधलेल्या पुड्या संध्याकाळी परत कपाटात ठेवायचे. तेव्हा मला कुणाचा तरी संताप यायचा, पण तो नेमका कुणाचा, हे कळायचं नाही. तापाने फणफणलेलं पोर घेऊन आलेली एक बाई अशीच औषधाविना गेली. पुन्हा आली तेव्हा ते पोर मानही धरत नव्हतं. ते वाचलं, पण त्याला भरती करताना आबा दारात उभे होते आणि त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

त्यानंतर विश्वस्तांची बैठक झाली. अध्यक्षांना सगळे नाना म्हणत. मोठ्या मनाचा माणूस, पण हौस दांडगी. "आबा, एकदाचा दवाखानाच सुधारून टाकू," नाना म्हणाले. मग काय, कुणाला रंग हवा होता, कुणाला उपाहारगृह, एकाला कॉम्प्युटर. मीही मागे राहिले नाही. अंगावर पाजणाऱ्या बायांना बसायला आडोशाची खोली हवी, असं मी ठासून सांगितलं.

आबा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "नाना, दवाखाना सुधारणं हे काम नाही, ती इच्छा आहे. काम असं पाहिजे की झालं की नाही ते दिसलं पाहिजे. पहिल्या गाडीने उतरलेला माणूस औषध घेऊन अडीचच्या गाडीत बसला पाहिजे. आपला बांध एस.टी.च्या पायरीपासून एस.टी.च्या पायरीपर्यंत. बाकी काही नाही."

"अहो, पण स्टँड आपल्या आवाराबाहेर आहे," नाना म्हणाले.

"माणूस तर आपला आहे ना?"

माझ्या खोलीचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, "ताई, तुमची खोली चुकीची नाही. ती या कामात नाही, एवढंच. दोन्ही धरलं तर एक ना धड भाराभर चिंध्या." मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. आबा मात्र रोज सकाळी खिडकीशी येऊन "काय ताई" म्हणायचे आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचे.

मग आबा स्टँडवर जाऊन बसू लागले. कोण उतरतं, कुठे चुकतं, कुणाला रस्ता विचारतं, सगळं पाहायचे. कंडक्टरला वाटलं हे वरून आलेले तपासनीस. तो त्यांना चहा पाजायचा. दवाखान्यात लोक हसायचे. मीही हसले. पण आठवड्याभरात आबांनी बेत मांडला, तो अगदी साधा होता. रक्त आधी घ्यायचं, डॉक्टरांची वाट न बघता. चिठ्ठी डॉक्टरांच्या टेबलावरून थेट माझ्याकडे यायची, म्हणजे माणूस खिडकीशी पोचेपर्यंत पुडी तयार. कोणतं काम कुणाचं ते नावानिशी ठरलं, कुठेच मीठ ठेवलं नाही. आणि हे सगळं एकदम सुरू करायचं नाही. "नवं बी आधी वावराच्या कोपऱ्यात पेरावं," म्हणून एका मंगळवारी, एकाच डॉक्टरांच्या रुग्णांपुरतं.

त्या मंगळवारी त्या डॉक्टरांच्या रुग्णांच्या सगळ्या पुड्या दोनच्या आत माझ्या खिडकीतून गेल्या. मी सगळा अबोला विसरून आबांना सांगायला गेले. आबा फाटकाशी उभे होते. अडीचची गाडी समोरून गेली, जवळजवळ रिकामी. आणि आमची माणसं, हातात औषधाच्या पुड्या घेऊन, निंबाच्या झाडाखाली निवांत बसलेली.

मी कपाळाला हात लावला. "हे लोक सुधारायचे नाहीत," असं काहीतरी बोललेही. आबा झाडाखाली गेले आणि एका म्हातारीशेजारी मातीतच बसले.

"माय, गाडी गई ना. कसाले बठनात?" त्यांनी विचारलं.

म्हातारीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू हे विचारायची गरजच नव्हती. "भुरी आजून मझार शे. दुसरा डाक्टरकडे. तिले सोडीसन कसं जावानं? बठ्ठा संगे उनूत, बठ्ठा संगे जासूत."

त्यांच्यातली भुरी अजून आत होती, आणि सगळे बरोबर आले तसे सगळे बरोबरच जाणार होते. आबा तिथेच त्यांच्यात बसले. तिची भाकरीही खाल्ली म्हणे. परत आले ते थेट मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत, मलाही आत बोलावलं. "चूक माझी," ते म्हणाले. "मी एकेका माणसाला बांध घातला. ही माणसं एकेकटी आलेलीच नाहीत. गाव आलंय. गावातलं शेवटचं माणूस सुटतं तेव्हा गाव सुटतं. पहिल्याला कितीही लवकर सोडा, काय उपयोग?" एवढ्या अनुभवी माणसाला आपली चूक सांगताना मी प्रथमच पाहत होते, आणि त्यांना त्यात काही कमीपणा वाटत नव्हता. उलट गाठ सापडल्यासारखे खुशीत होते. माझा राग तिथेच विरघळला.

मग प्रत्येक गावाला वेगळ्या रंगाचा पत्र्याचा बिल्ला आला. एका गावची माणसं एकत्र बसायची, आणि त्यांच्यातल्या ज्याचं काम लांबणार त्याला सगळ्यांत आधी आत घ्यायचं. नाना घाबरले, म्हणाले, गावागावांत भांडणं लागतील. शहरातले रुग्ण कुरकुरले. एका वकिलांनी तर आबांना व्हरांड्यात सर्वांसमोर सुनावलं. आबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही रिक्षाने पाच वाजताही घरी जाल." वकील पुटपुटत बसले, पण बसले. हळूहळू घडी बसत गेली. एक दिवस असा आला की अडीचची गाडी भरून गेली, व्हरांडा रिकामा राहिला आणि माझ्या टेबलावर एकही पुडी उरली नाही. नाना पेढे मागवायला निघाले तर आबा म्हणाले, "आधी पावसाळा जाऊ द्या. चिखलातही जमलं तर मग पेढे." दुसऱ्या दिवशी सकाळी ते खिडकीशी आले. "काय ताई, आता तुमच्या खोलीचं बघू." मला वाटलं होतं ते विसरले असतील. दिवाळीच्या आत खोली झाली.

पुढे आबा निवृत्त झाले, आणि त्यांना हृदयाचं दुखणं जडलं. धुळ्यातच देवपुरातल्या घरी ते बहुतेक खाटेवरच असायचे. अशात एस.टी.ने वेळापत्रक बदललं आणि अडीचची गाडी एकला सुटू लागली. सगळी घडी विस्कटली. व्हरांड्यात पुन्हा माणसं झोपायला लागली. मी धावत आबांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी नाही सांगणार. मी सांगितलं तर ते माझं काम राहील. आणि मी आता किती दिवस? तुम्ही करा." मी चिडले, रडलेही. त्यांची बायको, आमच्या माई, मला चहा देत म्हणाल्या, "तू कर. त्यासना भरोसा शे म्हणीसनच असं बोलतस."

मग मी केलं. स्टँडवर जाऊन बसले, कंडक्टरांशी बोलले, डॉक्टरांशी भांडले, ते माझं आवडतं काम. रक्ताची खोली तासभर आधी उघडायला लावली. आधी दोनच गावांपुरतं करून पाहिलं, एकदा फसलं, पुन्हा केलं. ज्या दिवशी सगळ्या गावांना लागू झालं, त्या संध्याकाळी मी आबांकडे गेले. ते फार खंगले होते. मी उत्साहाने सगळं सांगू लागले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"कोण राहिलं?" त्यांनी विचारलं.

"एकच म्हातारे. त्यांच्या छातीत दुखत होतं, डॉक्टरांनी ठेवून घेतलं."

"एकटे?"

"नाही. त्यांच्या गावची दोघं गाडीतून उतरली. खाटेजवळ बसलीत त्यांच्या."

आबांनी डोळे मिटले.  तसेच म्हणाले, "मग ते राहिले असं म्हणू नका, ताई."

त्याच आठवड्यात आबा गेले. निरोप आला तेव्हा खिडकीवर गर्दी होती आणि गाडीला अवकाश होता. मोठे डॉक्टर म्हणाले, तुम्ही निघा, मी बघतो. पण मी खिडकी सोडली नाही. मी रडत रडत पुड्या बांधल्या. समोरच्या बाया काही न विचारता हात पुढे करून घेत होत्या. शेवटचं गाव गाडीत बसलेलं पाहिलं, आणि मग रिक्षाने देवपुरात गेले. वाटेत मनाशी म्हणत होते, आता काही दर्शन होत नाही, सगळे केव्हाच निघाले असतील.

माई दारातच होत्या. त्यांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "ये बाय. तुनीच वाट दखी राहिनूत." अंगणात नानांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे भर उन्हात उभे होते. तिरडी बांधून तयार होती, आणि ती कुणी उचलली नव्हती.