दादाने आधी पाय लावून पाहिला होता

आमच्या वलगावात आजही एखादा म्हातारा कुणाचं ऐकेनासा झाला की माझ्या दादाचं उदाहरण देतात. सत्तरी ओलांडलेला माणूस, भर हिवाळ्यात अमरावतीच्या तलावात उडी मारून गेला. धाकटा भाऊ नको नको म्हणत होता, पण ऐकलं नाही. हे मीच सगळ्यांना सांगितलं आहे, आणि ते खोटं आहे.

निवृत्तीनंतर मी अमरावतीत रोज सकाळी उघड्या जलतरण तलावावर जाऊ लागलो. थंडी पडली की तिथली गर्दी ओसरते, आम्ही चार-सहा म्हातारे उरतो. रात्रभर उघड्या आभाळाखाली ते पाणी बर्फासारखं होतं. शिडीवरून हळूहळू उतरायचं, मानेला-छातीला पाणी लावायचं, श्वास जागेवर येऊ द्यायचा, मग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारायच्या. पहिल्या वर्षी मी हे न करता उतरलो होतो आणि माझी छाती आवळून आली होती. म्हणजे मला ठाऊक होतं.

दादा डोळे दाखवायला आला होता, माझ्याकडे मुक्कामी होता. त्याला सोबत नेलं. माझ्या फेऱ्या बघून तो काठावरून हसला.

"हे का पोहनं होय? हे तं वावरातलं डवरन झालं, बैल फिरवल्यावानी. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यालोक, मंग वापस."

आम्ही दोघे शेतातल्या विहिरीत शिकलो. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट असतं, सकाळी त्यावर वाफ दिसते. आमच्याकडची पोरं थंडी घालवायला विहिरीत उडी मारतात. पायऱ्यांनी उतरतो तो भित्रा. मी पायऱ्यांनी उतरायचो. दादा वरून झेप घ्यायचा आणि खालून ओरडायचा, "ये बाई, ये!"

त्या सकाळी त्याने कपडे काढले, काठावर बसून एक पाय पाण्यात बुडवला आणि झटक्यात वर घेतला.

"काहून रे बापू, हे पानी आपल्या विहिरीचं नाई. लय थंडं आहे."

"मंग शिडीनं ये बाई," मी म्हणालो. "म्हातारा झाला तू."

बाकीचे हसले. मीही हसलो. दादा उठला. त्या क्षणी मी हात वर केला असता, 'थांब, आधी छाती ओली कर' एवढं म्हटलं असतं, तर तो थांबला असता. पण मला त्याला एकदा कुडकुडताना बघायचं होतं.

त्याने काठावरून झेप घेतली. तो वर आला तेव्हा तोंड उघडं होतं, पण श्वास आत जात नव्हता. आम्ही त्याला काठावर ओढला. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

दवाखान्याच्या दाराशी पुतण्याने विचारलं, "काका, बाबानं उडी काहून मारली?"

"मी नको म्हनत होतो," मी म्हणालो.

वहिनी आता अकोल्याला मुलाकडे असते. मी गेलो की चहा देते आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणते, "या मानसानं जलमभर कोनाचं आइकलं नाई. मरतानाही नाई." दर वेळी मी मान हलवत आलो. गेल्या खेपेला हलवली नाही. जे झालं ते सगळं सांगितलं.

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"म्हंजे त्यायनं पाय लावून पाह्यला होता?"

"हो."

"थंडं आहे म्हने?"

"हो."

"अन् मी रोज दिवा लावताना भांडतो त्यायच्याशी. मले सोडून गेले म्हून, हट्टापायी." तिने फोटोकडे पाहिलं नाही. "भाऊजी, तुमी मले हे तवाच सांगतलं असतं तं मी तुमाले शिव्या देल्या असत्या. त्यायले नसत्या देल्या."

मी जायला उठलो तर म्हणाली, "बसा. पोरगा येतपर्यंत बसा. त्यालेही तुमीच सांगा. मंग वलगावात सांगा."

चहा तिने मांडला नाही. आम्ही दोघे समोरासमोर बसून राहिलो. अंधार पडल्यावर मोटारसायकल दारात थांबली. पुतण्या आत येऊन बूट काढत होता तोच ती म्हणाली, "काका काई सांगून राह्यले, आइक."

त्याला सांगितलं. वलगावासाठी हे लिहिलं आहे.