पायरीतली वीट

सरकारी इमारतीत राहणाऱ्यानं आपल्या हातानं काही दुरुस्त करू नये, असं मी सगळ्याइले सांगत होतो. मी गवंडी. शाळा चवथीपर्यंत. हिंगणघाट, पुलगावात लोकाइच्या भिंती उभ्या करता करता म्हातारा झालो, म्हणून इमारतीतले लोक माह्यं ऐकत.

आम्ही आधी नदीकाठच्या झोपड्यांत होतो. त्या पाडून आम्हाले ही तीन माळ्यांची इमारत दिली. वाळूच वाळू, सिमेंट नावाले. थोड्याच वर्षांत जिना झडायले लागला. एकदा खालच्या माळ्यावरच्यानं संडासाचा फुटका पाइप स्वतःच बदलला. मग आमचा अर्ज पाहून कचेरीतला बाबू म्हणे, "तुम्ही तं करूनच राह्यले ना. मंग आमचं काय काम?" तेव्हापासून मी सांगून ठेवलं, मोडलं ते मोडलेलंच राहू द्या. साहेबाच्या डोळ्याले दिसलं पाहिजे.

आमच्या दारापुढच्या जिन्याची दुसरी पायरी अर्धी तुटून पडली. माह्या घरात थापी होती, घमेलं होतं. अर्ध्या दिवसाचंही काम नव्हतं.

बायको म्हणे, "अजी, लोकाइचे बंगले बांधले, घरची एक पायरी नाई बांधता येत?"

"साहेब पाहून जाऊ दे."

"तुमचा साहेब यायचा तवा येईन. माह्या पायाले तं रोजच जा लागते तिथून."

शेवटी तिनंच त्या खाचेत वीट बसवली. बाजूनं चिंध्या कोंबल्या. गवंडी म्हणून सांगतो, चांगली बसवली होती, हलत नव्हती. पुढं पुढं ती खाली न पाहताच त्या विटेवर पाय टाकायची.

मग निरोप आला, उद्या साहेब पाहणीले येणार. सकाळी ती चुलीजवळ होती. मी जाऊन वीट काढली, चिंध्या काढल्या, खाच झाडून साफ केली. साहेबाले चांगली दिसावी म्हणून. तिले सांगितलं नाई. सांगितलं असतं तर ती भांडली असती. दिवसभर वाट पाहिली. साहेब आला नाई. तीही त्या दिवशी खाली उतरली नाई. उद्या येईल म्हणून मी वीट तशीच दाराआड ठेवली.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. पांढरं लुगडं नेसून ती खाली विहारात वंदनेले निघाली. मी खाटेवर बसून होतो. आवाज ऐकला.

खुब्याचं हाड मोडलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. तिथं पडल्या पडल्या तिनं मले विचारलं, "अजी, वीट कोणं काढली हो?"

मी म्हटलं, "खेळता खेळता काढली असन पोट्ट्याइनं."

"मेले कुठचे," म्हणाली, अन् कूस बदलता येत नव्हती म्हणून तोंड तेवढं फिरवलं. महिन्याभरात गेली. तोपर्यंत मी तिच्याजवळच बसून होतो. सांगायले वेळ नव्हता, असं म्हणायचीही सोय नाई.

ती गेल्यावर साहेब आला. चार दिवसांत जिना नवा झाला. माल चांगला, काम सरळ. मी ओळंबा लावून पाहिला. कुठं तरी वाकडं निघावं असं फार वाटत होतं. निघालं नाई.

इमारतीत मात्र अजून पोट्ट्याइच्याच नावानं बोंब आहे. परवा शेजारीण जिन्यावर आपल्या लेकराइले धोपटत होती. "तुम्हीच वीट काढली अन् आजी गेली! आता पुन्हा खेळता इथं?"

मी दारातून म्हटलं, "मारू नको त्याइले, बाई. वीट मी काढली."

तिचा हात थांबला. माह्याकडं पाहून तिनं पदर डोळ्याले लावला. "बाबाजी, काऊन असं स्वतःले लावून घेता? जेवले का तुम्ही?"

"मी काढली म्हणतो ना! साहेबाले दाखवायले काढली."

"हो, हो. बसा तुम्ही." अन् लेकरांकडं वळून हळूच म्हणाली, "पाहा, म्हाताऱ्याची काय हालत करून ठेवली तुम्ही."

थोड्या वेळानं तिनं ताट झाकून आणून दिलं. भाकर अन् वांग्याची भाजी होती. मी खाल्ली.