पाय लागलेला ठोकळा

दुसरीतली सगुणा माझ्यासमोर सतरंजीवर बसली होती. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत लागेल का, हे तपासायला मी शाळाशाळांतून फिरते. "ही वर्गात चकार शब्द काढत नाही," असं तिच्या वर्गाच्या बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं.

मी लाकडी ठोकळे पुढे सरकवले, मनोरा रचायला सांगितलं आणि हातातलं घड्याळ सुरू केलं. चौथा ठोकळा घसरला आणि तिच्या पायाला लागला. तिने तो उचलला, कपाळाला टेकवला आणि मग मनोऱ्यावर ठेवला. पुढचाही घसरला. पुन्हा नमस्कार. घड्याळ बिचारं धापा टाकत पळत होतं. सगुणाला मात्र कसलीच घाई नव्हती. मनोरा पुरा झाला तेव्हा ठरलेली वेळ केव्हाच उलटून गेली होती.

फॉर्मवर मी 'संथ' असं लिहिलं आणि पेन तिथेच अडलं. किती वेळ लागला, किती चुकलं, याला रकाने आहेत. लाकडाच्या तुकड्याची माफी मागायला थांबणाऱ्या जिवासाठी रकाना कुठे आहे? मोठेपणी आपण कितीजणांना पाय लावून तसेच पुढे जातो, बहुधा वेळेत पोचावं म्हणूनच!

एवढ्यात वाऱ्याने फॉर्म उडाला आणि तो धरायच्या गडबडीत माझा पाय त्यावर पडला. सगुणाने डोळे वटारले.

"बाई, पाया पडा त्याच्या."

मी मुकाट्याने तो कागद कपाळाला लावला. मग 'बोलते का?' या प्रश्नापुढे लिहिलं: हो. आणि ऐकायलाही लावते.