दोन ठिपक्यांचे बोर्ड

हिराताई ओव्हाळांना मी एकोणीस वर्षं ओळखतो. त्यातली पहिली सतरा वर्षं मला त्यांचा चेहरा कमी आणि डोक्यावरची टोपी जास्त दिसायची, कारण त्या सतत खाली मान घालून सोल्डरिंग करत असायच्या. सुदुंबऱ्याजवळच्या आमच्या कंपनीत मी स्टोअर सांभाळतो. माल उतरवून घ्यायचा, मोजायचा, रॅकवर लावायचा आणि लाइनवर द्यायचा, हे माझं काम. हिराताई बेगडेवाडीच्या. स्टेशनच्या फाटकापाशी सकाळी पावणेसातला कंपनीच्या बसमध्ये चढायच्या आणि खिडकीकडची तिसरी सीट धरायच्या. नववीपर्यंत शिकलेल्या. लग्नानंतर दोनच वर्षांनी कामाला लागल्या, त्या आजतागायत.

त्यांच्या हाताचं सोल्डरिंग असं असायचं की तपासणीवाला बोर्ड उलटून बघायचासुद्धा नाही. पण हा बोर्ड कशात बसतो, काय करतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. पुढे हाताने सोल्डर करायचं काम मशीनवर गेलं. लाइनवरच्या बायकांपैकी काही पॅकिंगला गेल्या, काहींनी काम सोडलं. हिराताईंना कैलास साहेबांनी परत आलेल्या मालाच्या टेबलावर बसवलं. कैलास साहेब आमचे सुपरवायझर. माणूस कडक, पण कुणाचं वाईट चिंतणारा नव्हे.

तेव्हा कंपनीने एक नवीन खोका विकायला सुरुवात केली होती. शिकणाऱ्यांसाठीचा संच. त्यात एक मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड, म्हणजे बोटाएवढी चिप बसवलेली पट्टी. कॉम्प्युटरवर चार ओळी लिहून तिच्यात भरायच्या, मग ती सांगाल तसं दिवा लावते, बजर वाजवते, मोटर फिरवते. सोबत भोकं-भोकांची पांढरी पाटी, जिला ब्रेडबोर्ड म्हणतात. तिच्यात तारा नुसत्या खोचायच्या, सोल्डर करायची गरज नाही. शिवाय रंगीत दिवे, तारा, बोर्ड कॉम्प्युटरला जोडायची केबल आणि इंग्रजी पुस्तिका. शाळा-कॉलेजांतून मागणी चांगली होती.

आणि परतही बऱ्यापैकी येत होते. चिठ्ठीवर बहुतेक एकच तक्रार असायची: बोर्ड बंद आहे, कॉम्प्युटरला दिसत नाही.

हिराताईंचं काम सोपं होतं. परत आलेला बोर्ड तपासणीच्या मशीनला लावायचा, हिरवी खूण आली की चांगला, लाल आली की भंगारात. गंमत अशी की जवळजवळ सगळ्यांना हिरवी खूण यायची. कैलास साहेबांचं म्हणणं होतं की लोकांना वापरता येत नाही आणि दोष मालाला देतात. म्हणून ते बोर्ड नव्या खोक्यात घालून पुन्हा पाठवले जायचे. हिराताई तपासलेल्या प्रत्येक बोर्डाच्या मागे पेनाने एक बारीक ठिपका द्यायच्या. लाइनवरची जुनी सवय.

महिन्याभराने त्या माझ्या खिडकीशी आल्या. हातात एक बोर्ड. त्यांनी तो उलटा करून मला दाखवला. मागे दोन ठिपके होते.

"भाऊ, ह्यो दुसऱ्यांदा माघारी आलाय," त्या म्हणाल्या. "मी दोन येळा पास केला. आन असे माझ्याकडं अकरा हायेत."

मी म्हटलं, साहेब म्हणतात तसं असेल, लोकांना जमत नसेल. त्या म्हणाल्या की दोन वेगळ्या गावांतल्या दोन वेगळ्या माणसांना एकाच बोर्डाचं जमत नाही, हे पटत नाही.

त्यांनी साहेबांकडे एक संच घरी न्यायची परवानगी मागितली. साहेबांनी कशाला म्हणून विचारलं, तेव्हा हिराताईंनी सांगितलं की गिऱ्हाईक खोका उघडून जे करतं तेच मला एकदा करून बघायचंय, बाकी काही नाही. साहेबांनी खांदे उडवले आणि संच बाहेर न्यायच्या चलनावर सही केली.

घरी त्यांची मुलगी शुभदा. ती तळेगावात दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. तिचा कॉलेजातला लॅपटॉप कपाटावर पडून होता. रविवारी दुपारी मायलेकी पुस्तिका घेऊन बसल्या. शुभदा वाचायची, हिराताई करायच्या. बोर्ड लॅपटॉपला जोडला, बोर्डावरचा बारीक दिवा लागला. पण पुस्तिकेत म्हटलं होतं तसं बोर्डाचं नाव काही लॅपटॉपच्या पडद्यावर येईना. शुभदाने लॅपटॉप बंद करून चालू केला. सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी ती म्हणाली की बोर्डच बंद असेल.

"बंद कसा असंल?" हिराताई म्हणाल्या. "दिवा लागलाय की. वीज पोचतीया. बोलणं पोचत न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच बोर्ड कंपनीच्या मशीनला लावला. हिरवी खूण. संध्याकाळी पुन्हा घरी, पुन्हा काही नाही. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या डबा न उघडता टेबलासमोर बसून राहिलेल्या मी पाहिलं. नंतर त्यांनी मला सांगितलं की त्या मनात एक एक वस्तू मोजत होत्या. घरी काय आहे, हितं काय आहे. बोर्ड तोच. दिवा दोन्हीकडे लागतो. मग वेगळं काय? घरचा लॅपटॉप वेगळा, हे तर होतंच. आणि केबल. मशीनची केबल मशीनलाच कायमची लावलेली होती. खोक्यातली केबल खोक्यातच राहायची. ती आजवर कुणी तपासलीच नव्हती.

त्यांनी खोक्यातली केबल घेतली आणि कटरने मधोमध कापली. मग माझ्याकडून एक जुनी चांगली केबल मागून घेतली आणि तीही कापली. दोन्हींची टोकं सोलून कागदावर शेजारी शेजारी ठेवली. जुन्या केबलमधून चार तारा निघाल्या: लाल, काळी, हिरवी, पांढरी. खोक्यातल्या केबलमधून दोनच, लाल आणि काळी. नुसती मोबाइल चार्ज करायची केबल होती ती. वीज जायची, पण कॉम्प्युटर आणि बोर्ड यांचं बोलणं ज्या तारांतून होतं त्या तारा आतमध्ये नव्हत्याच.

केबलची ती पेटी मीच उतरवून घेतली होती. आधीचा पुरवठादार बदलला होता. मी नग मोजले, लांबी पाहिली, सही केली. बाहेरून दोन्ही केबल अगदी सारख्या. हिराताई म्हणाल्या, "आतलं तुमाला कसं दिसणार, भाऊ? मलाबी कापल्यावरच दिसलं." पण साहेबांकडे कागद घेऊन जाताना मी त्यांच्याबरोबर गेलो. माल मी घेतला होता, ते मीच सांगायला हवं होतं.

कैलास साहेबांनी कागद पाहिला आणि स्वतः उठून रॅकवरून आणखी एक केबल आणली, कापली. मग दुसऱ्या पेटीतली एक. सगळ्यांत दोनच तारा. ते खुर्चीत बसले. मग त्यांनी फोन उचलून पाठवणी थांबवली. फोन ठेवल्यावर म्हणाले, "हिराताई, दोन महिने मी लोकांना मूर्ख म्हणत होतो."

त्या दिवशी संध्याकाळी चार तारांची केबल घेऊन हिराताई घरी गेल्या. बोर्डाचं नाव पडद्यावर आलं. शुभदाने पुस्तिकेतला पहिला प्रोग्राम भरला आणि दिवा सेकंदाला एकदा उघडझाप करू लागला. एका ओळीत हजार असा आकडा होता. हिराताईंनी तो कशाचा म्हणून विचारलं, शुभदाने सांगितलं की सेकंदाचे हजार भाग, तेवढा वेळ दिवा थांबतो, आणि मग हिराताईंनी एका बोटाने स्वतः टाइप करून तिथे दोनशे केले. दिवा भराभरा लुकलुकायला लागला. सतरा वर्षं असे बोर्ड त्यांच्या हातांखालून गेले होते, पण आपण लिहिलेलं एखादा बोर्ड ऐकतो हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्या मला हे सांगत होत्या तेव्हा सुदुंबरे कधी आलं ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

ज्यांचे संच परत आले होते त्यांना नव्या केबल पाठवल्या. राहिली ती आंदर मावळातली एक शाळा. तिथल्या प्रेरणा मॅडमनी सहा संच घेतले होते, सहाही बंद, आणि त्यांचं पत्र चांगलंच तिखट होतं. तिथे कुरिअर वेळेवर जात नाही. साहेबांनी हिराताईंना आणि मला प्रत्यक्ष जायला सांगितलं.

भात निघून गेलं होतं, खाचरं कोरडी पडली होती. आम्ही बेगडेवाडीहून लोकलने कान्ह्याला उतरलो, तिथून जीपने टाकव्याच्या पुढे, आणि शेवटी तासभर चाललो. हिराताईंनी पिशवीत सहा केबल, मल्टिमीटर आणि आपला स्वतःचा कटर घेतला होता. प्रेरणा मॅडम तिशीच्या असतील. त्यांनी पाणी दिलं, पण चेहरा काही सैल सोडला नाही. मुलांना दोन महिने नुसता खोका दाखवतेय, असं त्या म्हणाल्या.

केबल बदलल्यावर चार संच लगेच चालू झाले. पाचव्यात दिवा उलटा लावला होता. त्याचा लांब पाय ज्या बाजूला हवा तिथे आखूड होता. तो फिरवला की लागला. सहावा मात्र ऐकेना. प्रोग्राम भरला जात होता, बोर्ड बरोबर चालत होता, पण ब्रेडबोर्डावरचा दिवा काही लागत नव्हता. हिराताईंनी दिवा बदलला, तारा बदलल्या. मुलं जेवायला गेली. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या झुंबरबाई दोन ताटल्या घेऊन आल्या आणि हिराताईंच्या शेजारीच जमिनीवर बसल्या.

"जेवा आधी, मावशी. ती काय पळून चाललीय व्हय?" त्या म्हणाल्या.

हिराताई जेवल्या, पण डोळे पाटीवरच होते. हात धुऊन आल्यावर त्यांनी मल्टिमीटर घेतला आणि पाटीच्या कडेची लांब रांग एका टोकापासून एक एक भोक करत तपासली. निम्म्यापर्यंत वीज होती. निम्म्यानंतर काटा पडला तो पडलाच. त्यांनी पाटी डोळ्यांजवळ धरली. कडेला छापलेली लाल रेघ मधोमध बोटभर तुटलेली होती. छपाईची चूक नव्हती ती. पाटीच्या आतली पट्टीही तिथे तुटलेली असते, दोन्ही भाग वेगळे असतात, आणि रेघ तेच सांगत होती. मुलांनी तार एका भागात खोचली होती आणि दिवा दुसऱ्यात. हिराताईंनी एक छोटी तार घेऊन दोन भाग जोडले. दिवा लागला.

झुंबरबाई म्हणाल्या, "लागला की." आणि ताटल्या घेऊन गेल्या.

प्रेरणा मॅडम आता हसल्या होत्या. त्यांनी हिराताईंना विनंती केली की मुलांना तुम्हीच सांगा, काय चुकलं होतं ते. हिराताई वर्गासमोर उभ्या राहिल्या. पदर दोनदा सारखा केला. मग म्हणाल्या की मी नववी शिकलेली आहे, मला जेवढं कळलं तेवढं सांगते. बंद आहे असं लगेच म्हणायचं नाही, कुठपर्यंत चालू आहे ते बघायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिल्या बाकावरच्या सृष्टी नावाच्या मुलीने विचारलं, चुकीची तार लावली तर जळेल का? हिराताईंनी खरं तेच सांगितलं, कधी कधी जळतं. मी आजवर किती जाळलेत ते साहेबांना विचार. मुलं हसली आणि त्याही.

परतीच्या वाटेवर त्यांची चाल झपझप होती. कान्ह्याला गाडीची वाट बघत असताना त्यांनी माझ्याकडून कागद मागून घेतला आणि गुडघ्यावर ठेवून लिहू लागल्या. पुढे तो कागद साहेबांनी छापून घेतला. आज प्रत्येक खोक्यात तो मराठी पानाच्या रूपाने जातो: दिवा लागत नसेल तर काय काय बघावं, सात ओळींत. खाली नाव घालू का, असं साहेबांनी विचारलं होतं. हिराताई नको म्हणाल्या, मग दोन दिवसांनी येऊन म्हणाल्या की घाला, शुभदा रागावली.

आता त्यांच्या टेबलावर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायला एक फोन आहे आणि नव्याने येणारी केबलची प्रत्येक पेटी माझ्याकडे आली की आधी त्यांच्याकडे जाते. त्या तिच्यातली पहिली केबल कापून बघतात. घरी त्यांनी स्वतःचा एक संच घेतलाय. अंगणात सात-आठ कोंबड्या आहेत. उजाडलं की खुराड्याचं दार आपोआप उघडावं आणि अंधारलं की बंद व्हावं, असा त्यांचा बेत आहे. उजेड ओळखणारा एक छोटा भाग त्यांनी खुराड्यावर बसवला. दार उघडतंही. पण फाटकाकडे वळणाऱ्या एखाद्या गाडीचा दिवा भिंतीवर पडला की तेव्हाही उघडतं, आणि कोंबड्या भलत्याच वेळी बाहेर येऊन उभ्या राहतात.

परवा बसमध्ये मी विचारलं, जमलं का? त्या म्हणाल्या, "न्हाई अजून. गाडीचा उजेड पळभर राहतो, दिवसाचा राहतो. तेवढा फरक बोर्डाला सांगायचाय." आणि पिशवीतून वही काढून, बस हलत असतानाच, काहीतरी खोडून नवीन ओळ लिहायला लागल्या.